सातव्या प्रकरणातलं मरण

माझ्या नवऱ्यानं मला सातव्या प्रकरणात मारलं, आणि त्यासाठी माझीच बकरी विकली.

मी पंचफुला. नवऱ्याचं नाव डोमाजी, दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात प्राथमिक शाळेचे मास्तर. मीसुद्धा त्यांना मास्तरच म्हणते, कारण घरातही ते मला चौथीच्या वर्गासारखंच समजावून सांगतात. माणूस वाईट नाही. फक्त छापलेलं अक्षर दिसलं की त्यांची मान आपोआप लवते, आणि बायकोनं सांगितलेलं काहीही त्यांना कच्चं वाटतं.

चौसष्ट साली त्यांनी आमच्या वस्तीची हकीकत लिहून काढली. छप्पन साली दीक्षा घ्यायला नागपूरला कोण कोण गेलं, भाकरी कोणाच्या संपल्या, परत आल्यावर काय झालं, सगळं खरं. मला अक्षर येत नाही, पण पुस्तक पाठ होतं. मास्तर लिहिताना प्रत्येक वाक्य मोठ्यानं म्हणायचे आणि मी चुलीपुढं बसून ऐकायची. त्यात दोन पानं देवांची होती.

ती दोन पानं माझी. नागपूरहून आलेल्या पुरुषांनी प्रतिज्ञा घेतल्या होत्या खऱ्या, पण घरच्या देवळीतले देव काढायला एकाचाही हात पुढं होईना. मास्तर म्हणाले, दिवाळी होऊ दे. दिवाळी झाली. मग म्हणाले, पोरीचा ताप उतरू दे. आमची इंदू तेव्हा दोन वर्षांची, तापानं फणफणलेली, आणि म्हातारा उकंडा घरोघरी सांगत फिरत होता की देवी कोपली, आता ही वस्तीच नेते. मी इंदूला सासूच्या मांडीवर दिलं, देवांचे टाक टोपलीत भरले आणि निघाले. टोपलीची दुसरी कड धरायला शेजारची सत्यशीला तेवढी आली. दोघींनी अडाण नदीत टोपली पालथी केली. परत येताना मी जवळजवळ पळतच घर गाठलं. पोर गेली तर आईनंच मारली म्हणतील, एवढं एकच डोक्यात होतं. पोर जगली. त्यानंतर घराघरातून टोपल्या निघाल्या आणि पुरुषांना धीर आला.

आयुष्यात मी एवढं एकच मोठं काम केलं. इंदूला ते मी कैकदा सांगितलं, पण ती वाचायला शिकल्यापासून बापावर गेली. छापलेलं नसेल ते तिला खरं वाटत नाही. म्हणून त्या दोन पानांवर माझा फार जीव होता. ती छापून आली की पोरगी स्वतः वाचेल, एवढीच माझी हाव.

पण मास्तरांना कोणीतरी सांगितलं की जाणत्याच्या हाताखालून गेल्याशिवाय पुस्तक छापू नये. असे जाणते दारव्ह्यात एकच, बबनराव. पूर्वी साप्ताहिक चालवायचे. ते बंद पडल्यावर लोकांचं लिखाण सुधारून द्यायचे. कोणाचं आत्मचरित्र, कोणाची कादंबरी, कोणाच्या वडिलांचा गौरवग्रंथ, सगळं त्यांच्या लाल पेन्सिलीखालून जायचं. ते फुकट कशाला करतील? माझी काळी बकरी बाजारात गेली. साहित्यासाठी, असं मास्तर म्हणाले. बकरीला कोणी विचारलं नाही.

पहिल्याच भेटीत बबनरावांनी दोष काढला. भाषा ठीक आहे, माहिती भरपूर आहे, पण यात रडू कुठं आहे? त्यांचा नियम असा की सातव्या प्रकरणापर्यंत घरातलं कोणी गेलं नाही तर वाचक पुस्तक मिटून ठेवतो. मास्तरांनी आपली आई पुढं केली. ती खरंच वारली होती. बबनराव म्हणाले, म्हातारं माणूस जाणारच, त्याचं कोणाला काय? मग मास्तरांनी बैल सुचवला. बैलासाठी शेतकरी रडतील, बबनराव म्हणाले, पण पुस्तकं शिक्षक विकत घेतात. अशी एकेकाची वासलात लागल्यावर घरात मीच उरले.

हे सगळं मास्तरांनी मला जेवताना सांगितलं, भाकरीकडं बघत. लपवाछपवी त्यांच्या स्वभावात नाही. उलट माझा सल्ला विचारला.

"साप चावून का विषमज्वरानं? तुले काय वाटते?"

"कोनाले?"

"पुस्तकातल्या पंचफुलाले."

मी विचार केला. खोटं कशाला सांगू, मीही विचार केला. म्हटलं, "साप नको. लोक म्हनतीन, टाकलेल्या देवायनंच धाडला."

मास्तर खूश झाले. विषमज्वर ठरला. मग मला खरी शंका आली आणि मी विचारलं, मी मेले तर देव कोण टाकणार? तर ते काम पुस्तकाचा नायक करणार होता. म्हणजे मास्तरच. बायको सरणावर, पोरगी कडेवर, आणि नायक डोक्यावर टोपली घेऊन एकटा नदीकडं चाललाय. बबनरावांच्या मते हे फार उठावदार होत होतं.

"आन् म्या टाकले थे?" मी विचारलं.

"वाचकाले पटनार नाई म्हनतात. बाईमानसाच्या अंगात येवढी हिंमत..." एवढं बोलून मास्तरांनी आणखी भाजी मागितली.

मी आठवडाभर त्यांच्या भाजीत मीठ घातलं नाही. त्यांच्या लक्षातच आलं नाही, कारण ते माझ्या मरणात गढून गेले होते. मला लिहिताना जितकी माया दाखवली, तितक्या मायेनं त्यांनी मला कधी पाहिलं नव्हतं. माझे डोळे कसे होते, माझा हात कसा खरबरीत तरी ऊबदार होता, सगळं त्यांच्या तोंडून मला चुलीपुढं ऐकू येत होतं. शेवटी मी काय बोलावं हेही विचारलं. मी म्हटलं, बकरी परत आना. ते काही त्यांनी घेतलं नाही. बबनरावांनी माझ्यासाठी एक लांबलचक वाक्य लिहून दिलं, आणि जन्मभर वऱ्हाडी बोलून मी मरताना पुण्याची झाले.

पुस्तक छापून आलं. वैशाखी पौर्णिमेला, सकाळची वंदना झाल्यावर, निंबाखाली ते वाचायचं ठरलं. बबनराव पाहुणे म्हणून आले. मी त्यांच्या हातात चहाचा कप दिला तेव्हा त्यांनी माझ्याकडं फार दयेनं पाहिलं.

"तुम्ही मास्तरांचं घर सांभाळलं, हे फार चांगलं केलं," ते म्हणाले. "आईविना पोरीला आई मिळाली."

एवढ्या जणांच्या बायका त्यांनी मारल्या असतील की खरी मेलेली कोण आणि आपण मारलेली कोण, याचा त्यांना विसर पडला असावा. मी दुसऱ्या कपात चहा ओतला.

मास्तर वाचू लागले. सहाव्या प्रकरणापर्यंत लोक माशा हाकत होते. सातवं सुरू झालं आणि बायकांचे पदर डोळ्यांना लागले. मी आजारी पडले, मी खंगले, मी ते पुण्याचं वाक्य बोलले. ज्यानं तेव्हा देवीचं नाव सांगून मला शिव्या घातल्या, तो म्हातारा उकंडाच धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत म्हणाला, "लय भली होती बाप्पा." खुद्द मास्तरांना वाचता वाचता रडू आलं आणि थांबावं लागलं. गेल्या वर्षी मला खराच ताप आला होता, तेव्हा हेच मास्तर उशाशी गोळ्या ठेवून परीक्षेचे पेपर तपासायला गेले होते. त्या मेलेल्या बाईचा मला असा हेवा वाटला की सांगता सोय नाही.

मग नायकानं टोपली उचलली. ते मात्र मला सहन झालं नाही. मी चहाची किटली खाली ठेवून उभी राहिले.

"थांबा मास्तर. मी जिती हाओ. आन् थे देव म्या टाकले. सत्यशीला होती संगं. विचारा तिले."

सगळं निंबाखालचं माणूस सत्यशीलेकडं वळलं. तिचा चेहरा रडून लाल झाला होता. तिनं नाक पुसलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि माझ्या लुगड्याचं टोक धरून मला खाली ओढलं.

"हो वं माय, आपुनच गेलतो," ती म्हणाली. "पन बस आता. त्या पोरीचं पुढं काय होते, थे आयकू दे."

मास्तरांनी पान उलटलं.

इंदू पुढच्या रांगेत, पोरींच्या घोळक्यात बसली होती. तिचे खांदे हलत होते. आईसाठी रडत होती. मी हळूच तिला हाक मारली. तिनं मागं वळून पाहिलं, मला नीट पाहिलं, आणि पुन्हा पुस्तकाकडं तोंड करून रडू लागली.