म्हाताऱ्या रातकिड्यांचं पथ्य

योगिनीने टबावरची जाळी उचलली, तर आत दुधात भिजवलेल्या भाकरीचा कुस्करा. तोही म्हाताऱ्या रातकिड्यांच्या टबात, ज्यांना गव्हाच्या कोरड्या कोंड्याशिवाय काही द्यायचं नव्हतं.

"आई, हे कुणी ठेवलं?"

"मीच की. रोज ठेवते, तू कॉलेजात गेल्यावर," लसूण सोलता सोलता धोंडाबाई म्हणाल्या.

प्रयोगशाळेत मुंग्या झाल्या म्हणून योगिनीने टब इंदिरानगरच्या घरी, बाल्कनीत आणले होते. तरुण किड्यांना आणि म्हाताऱ्यांना कोंडा किती पचतो, पाला किती पचतो, हे खाणं आणि किड्यांचं वजन तोलून शोधायचं, हाच तिचा पीएच.डी.चा विषय. म्हातारे किडे तरुणांइतकाच कोंडा पचवतात असं दिसलं, तेव्हा तिचे सर हरखले होते. संसारामुळे इतकी वर्षं रखडलेलं काम आता मार्गी लागणार होतं. आणि तो सगळा प्रताप सासूबाईंच्या दूध-भाकरीचा निघाला. तिला राग आला, त्याहून जास्त रडू आलं.

"कशाला दिलंत, आई?"

"कोरडा कोंडा, अन् म्हाताऱ्यांना? मला वाटलं, घाईत तुझ्या ध्यानात नाय राहिलं." धोंडाबाईंचा स्वर पडला. "माझी आय शेवटी भाकरी बघून तोंड फिरवायची. आमी म्हणायचो, हट्ट करती. भिजवून द्यायचं कुनाला सुचलंच नाय."

संध्याकाळी नवऱ्याला, अमोलला, सगळं कळलं. "आकडे दे तसेच पाठवून. कुणाला कळणारे?"

"मला कळलं, आईंना कळलं. किड्यांना तर आधीपासूनच माहितीय," योगिनी म्हणाली आणि तिने सरांना फोन लावला.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे पुन्हा पहिल्यापासून?"

"हो सर. पहिल्यापासून."

दुसऱ्या दिवशी तिने टब धुऊन काढले, अंड्यांतून नुकतीच निघालेली पिल्लं नव्या टबांत सोडली आणि उबेसाठी वर बल्ब टांगले. धोंडाबाई शेजारी येऊन बसल्या.

"ही म्हातारी कधी व्हायची?"

"होळी तरी येईल."

"मंग होळीपत्तुर मी राखण करते. कुनाला हात लावू द्यायची नाय, मला बी नाय. पन कोरडं पचतं का नाय, ते मला सांगायचं."

"आणि नाही पचलं तर?"

धोंडाबाईंनी डब्यातला चिमूटभर कोंडा तोंडात टाकला. दात नव्हतेच. बराच वेळ त्या हिरड्यांवर तो घोळवत राहिल्या. डोळ्यांत पाणी आलं, पण योगिनीने पुढे केलेला तांब्या त्यांनी हातानेच थांबवला.

"तर तसंच लिव," घास कसाबसा उतरल्यावर त्या म्हणाल्या. "नाय पचत म्हनून लिव."