पायतपासणी

कप्तानाने त्या सकाळी दोनदा दाढी केली आणि बूट असे घासले की त्यात बघून कुणी भांग पाडावा. डॉक्टरांची वेळ सव्वाअकराची होती. दहाच्या ठोक्याला नवरा-बायको माजी सैनिकांच्या दवाखान्यात बाकावर येऊन बसले होते. इतक्या लवकर येऊन काय दिवे लावणार आहोत, असं बायकोने विचारलं. त्याने वाकून बुटांवरची धूळ पुसली.

कप्तान हे नाव गल्लीने ठेवलेलं. सैन्यात तो बारा जवानांच्या तुकडीचा प्रमुख होता, कप्तानपदाच्या आसपासही कधी गेला नव्हता. सुरुवातीला तो लोकांना दुरुस्त करायचा, मग कंटाळला. घरी येऊन अकरा वर्षं झाली होती.

बायको शाळांचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात काजं-बटणं करायची. आठवडाभर ती मशीनवर बसली नव्हती, कारण उजव्या मनगटाला पट्टी होती. न्हाणीघरात पाय घसरला, असं तिने कारखान्यात सांगितलं, शेजारी सांगितलं आणि फोनवर लेकीलाही सांगितलं. खरं इतकंच होतं की नवरा झोपेत बरळत होता, तिने त्याला उठवायला खांद्याला हात लावला, आणि डोळे उघडण्याआधीच त्याने तो हात पिरगाळला. नंतर उजाडेपर्यंत तो स्वयंपाकघरात बसून राहिला. दुकान उघडल्यावर जाऊन पट्टी घेऊन आला. एक नाही, तीन आणल्या.

लेक पुढच्या महिन्यात दीड महिन्याचं बाळ घेऊन राहायला येणार होती. तिने तिकिटं काढून ठेवली होती. आई तिला ‘ये’ म्हणत नव्हती आणि ‘येऊ नको’ असंही म्हणत नव्हती. ह्यांचे उपचार सुरू झाले असते तर काही बोलता आलं असतं. पण दवाखान्याचा नियम होता: तीन भेटींत तक्रार नोंदली गेली नाही तर फाईल बंद. बंद झाली की पुन्हा नंबर लागायला आठ महिने. आजची भेट तिसरी होती.

पहिल्या दोन्ही वेळा ती बाहेर थांबली होती. तो पाच मिनिटांत परत आला होता.

“सगळं ठीक म्हणाले,” त्याने सांगितलं होतं.

“ते म्हणाले की तुम्ही म्हणालात?”

“एकच झालं.”

तिचे स्वतःचे हातही फारसे स्वच्छ नव्हते. दुसऱ्या भेटीनंतर नर्सने घरी फोन करून विचारलं होतं, झोप कशी आहे, राग येतो का. नवरा शेजारीच उभा होता. चांगले आहेत, काही त्रास नाही, असं म्हणून तिने फोन ठेवला होता.

आज मात्र तिने नर्सला सांगून टाकलं की मीही आत जाणार. नर्सने एकदा तिच्या मनगटाकडे पाहिलं आणि जा म्हणाली.

डॉक्टर सैन्यातूनच निवृत्त झालेले होते. दारावरच्या पाटीवर नावाआधी हुद्दा होता. आपल्यातला माणूस समोर असला की जवान मोकळे होतील, असा दवाखाना चालवणाऱ्यांचा हिशोब असावा. कप्तानाच्या बाबतीत तो पार उलटा पडला. हुद्दा वाचताच त्याची छाती पुढे आली, आणि खुर्चीत बसला तोही सावधान अवस्थेत.

“झोप?” डॉक्टरांनी फॉर्म पुढे ओढला.

“ठीक, साहेब.”

“वाईट स्वप्नं?”

“नाही, साहेब.”

चिडचिड नाही, भीती नाही, भूक उत्तम. नऊ प्रश्न दोन मिनिटांत संपले. सव्वीस वर्षांच्या संसारात बायकोने हा आवाज ऐकला नव्हता. हे खोटं बोलत नाहीयेत, तिच्या लक्षात आलं, हे हजेरी देतायत. साहेबाने विचारलं की ठीक म्हणायचं. बरं नाही म्हणणारा मागे ठेवला जातो, आणि बाकीचे एक माणूस कमी घेऊन पुढे जातात.

डॉक्टरांनी सहीसाठी फॉर्म उलटला.

“साहेब, ह्यांनी मला पायांचं सांगितलं होतं,” ती म्हणाली.

“अगं,” कप्तान हळूच म्हणाला.

ती थांबली नाही. लांबच्या चालीनंतर हे रोज संध्याकाळी बाराही जणांना ओळीने बसवायचे आणि टॉर्च घेऊन एकेकाचे तळवे बघायचे. पोरं फोड लपवायची, बरंय म्हणायची. “हेच मला म्हणाले होते, पाय काय विचारून कळतात होय? बूट काढायला लावावे लागतात. मग ह्यांचे कोण बघत होतं, साहेब?”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. पलटणीबरोबर त्यांनी बरीच वर्षं काढली होती, त्यांना जास्त समजवावं लागलं नाही. ते टेबलाला वळसा घालून आले, स्टूल ओढून कप्तानाच्या पुढ्यात बसले.

“बूट काढा.”

“साहेब?”

“पायतपासणी. मोजेही.”

हुकूमच तो. कप्तानाने बूट काढले, मोजे घडी करून बुटांत ठेवले.

तळव्यांवर चिरा होत्या, जुन्या काळ्या पडलेल्या आणि ताज्या लाल. उजव्या अंगठ्याखाली काच रुतून जखम पिकली होती. बायको बघतच राहिली. त्याचे मोजे ती रोज धुवायची, पण ती जागी होण्याआधीच ते त्याच्या पायांत असायचे. रात्री उठून हे दाराची कडी बघतात आणि परत येऊन पडतात, एवढंच तिला ठाऊक होतं.

“अनवाणी कुठे चालता?” डॉक्टरांनी विचारलं.

कप्तानाने खाली आपल्या पायांकडे पाहिलं. उघड्या पायांनी, विजार दुमडून, सावधान बसता येत नाही. त्याचे खांदे थोडे उतरले.

“गस्तीला,” तो म्हणाला. साहेब म्हणायचं राहून गेलं. “बूट घातले की हिची झोप मोडते.”

मग तुकड्यातुकड्याने सगळं आलं. गल्लीचं टोक, पाण्याची टाकी, बंद गोदामाची मागची बाजू. कधी तीन फेऱ्या, कधी पाच. एकदा दुधाच्या गाडीने गोळीसारखा आवाज काढला तेव्हा गटारात झोपून राहिला होता. बारा जण मोजून नेले होते, दहा मोजून आणले. अंथरुणाला पाठ टेकली की मोजायचं राहिलंय असं वाटतं.

“आणि हा हात?”

“मीच,” कप्तान म्हणाला. “ती घसरली नाही.”

बायकोने खाली बघत फोनवर आपण खोटं बोललो ते सांगितलं. डॉक्टर म्हणाले, बहुतेक घरांतून तसंच उत्तर येतं, म्हणूनच असे फोन करणं बंद करा असं मी इथल्या लोकांना सांगत असतो. त्यांनी पहिल्या पानावरची नऊही उत्तरं खोडली आणि नवी लिहायला घेतली.

नर्सने काच काढली, इंजेक्शन दिलं. डॉक्टरांनी उगाच आशा लावली नाही. गोळ्या, दर गुरुवारी भेट, अशाच इतर माणसांबरोबर बैठक. महिन्याभरात होणारं काम नाही, मध्येच पुन्हा बिघडेलही. झोपेत त्यांना हात लावायचा नाही, दारातून हाक मारायची. अंथरुणं सध्या वेगळी.

“लेक येतेय,” कप्तानानेच विषय काढला. “तान्हं बाळ आहे.”

“दोन-तीन महिने थांबता आलं तर बरं.”

बाहेर आल्यावर बायकोने डाव्या हाताने फोन काढला. काय सांगायचं ते तिने तोवर जुळवलंही होतं: घराचं रंगकाम काढलंय, पाण्याची बोंब आहे, सगळीकडे पसारा. नंबर लागला तसा कप्तानाने हात पुढे केला. तिने क्षणभर विचार केला आणि फोन त्याच्याकडे दिला.

“मी बोलतोय,” तो म्हणाला. “बाळाला इतक्यात आणू नकोस. मला बरं नाही.”

पलीकडून लेक घाबरून काहीतरी विचारत होती. बायको मध्ये पडली नाही.

“नाही, ताप नाही. आईचा हातही त्यातलाच,” तो म्हणाला. “सांगतो. बाळ झोपलंय ना? मग बस जरा, वेळ लागेल.”