सहा आठवड्यांची गोळी

सुवर्णाने दूधभाकरीचं ताट उंबऱ्याबाहेर ठेवलं आणि झाडूच्या दांड्याने पुढे सरकवलं. टायगर साखळी ताणून तिथवर आला. त्याने आधी ताटाकडे नाही, तिच्याकडे पाहिलं आणि शेपटी एकदा हलवून बघितली. ती तोवर वळली होती. मोरीत जाऊन तिने हात धुतले, साबण धुऊन जागेवर ठेवला आणि पुन्हा हात धुतले.

"दांड्यानं कायले सरकवतं पोरी?" बाहेर खाटेवर बसलेले तिचे सासरे, शामराव, म्हणाले. "तो काही करत नाही."

"माहीत आहे बाबा."

तिने जाळीचं दार लावून घेतलं. आत तिची मुलगी ऋचा भिंतीला पाठ टेकून गृहपाठ करत होती. टायगरला हात लावायचा नाही, हे तिला इतक्यांदा सांगून झालं होतं की आता ती दाराकडे बघायचीही नाही.

इस्पितळातून सुवर्णा घरी आली त्याला फार दिवस झाले नव्हते. यकृतात मोठ्या मोसंबीएवढी पाण्याची गाठ निघाली होती. कापण्याआधी सर्जनने पहिला प्रश्न विचारला होता, घरात कुत्रा आहे का. कुत्र्याच्या आतड्यात राहणाऱ्या एका बारीक पट्टकृमीची अंडी माणसाच्या पोटात गेली की अशी गाठ धरते, वर्षानुवर्षं हळूहळू वाढते, असं त्याने समजावलं. तिचा नवरा पवन ते ऐकताना भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता. त्याच आठवड्यात त्याने ऋचाची सोनोग्राफी करून आणली. तिच्यात काही नव्हतं. तो रिपोर्ट त्याने स्वतःच्या पाकिटात ठेवला होता.

पवन मालगाडीवर असिस्टंट ड्रायव्हर होता. त्याच्या एका जोडीदाराचं शहराबाहेर चौमूं गावाला शेत होतं. टायगरला तिथे सोडून यायचं असं त्याने ठरवूनही टाकलं होतं. त्या रात्री शामरावांनी आपली खाट खोलीतून बाहेर काढली आणि टायगरच्या शेजारी टाकली. जयपूरची थंडी सुरू झाली होती. तरी खाट आत आली नाही.

शेवटी पवननेच हट्ट सोडला. सर्जन म्हणाला होता की कुत्र्याला नेमाने औषध दिलं आणि बकऱ्याचं कच्चं काळीज किंवा फोपसं, म्हणजे फुप्फुस, खाऊ दिलं नाही, तर तो घरात राहायला हरकत नाही.

"ठीक आहे, जनावरांच्या डॉक्टरकडे नेऊ," पवन बापाला म्हणाला होता. "पण बाहेरचं कच्चं खाल्लेलं मला एकदा जरी कळलं ना बाबा, तर दुसऱ्या दिवशी चौमूं. मग मला बोलायचं नाही."

शामरावांनी मान हलवली होती.

त्यानंतर चारपाच दिवसांनी सुवर्णा तपासणीहून रिक्षाने परत येत होती. मटणाच्या गल्लीच्या तोंडाशी एक उंटगाडी आडवी झाली आणि रिक्षा थांबली. समोरच्या दुकानाच्या फळीवर शामराव बसले होते. दुकानदाराशी काहीतरी बोलत होते, दोन्ही हात उडवून, आणि हसत होते. सासूबाई गेल्यापासून तिने त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. त्यांच्या जबड्यात वरचा एक दात नाही, हे तिला त्या दिवशी कळलं. खाली टायगर पुढच्या दोन पायांत काहीतरी धरून चावत होता. फिकट गुलाबी, ओलं, स्पंजासारखं.

तिचा हात आपोआप बरगडीखाली गेला. उंटगाडी सरकली, रिक्षा निघाली.

तो दुकानदार कोण, ते तिला ठाऊक होतं. जब्बार. त्याचं लहानपण अकोल्यात गेलं होतं आणि तो अजून वऱ्हाडी बोलायचा. शामराव निवृत्तीनंतर अकोल्याहून मुलाकडे आले, तेव्हा या शहरात त्यांना आपली बोली ऐकू येईना. पवन दमून यायचा आणि झोपायचा. ऋचा मराठी बोलता बोलता मध्येच हिंदीत जायची. मग एक दिवस जब्बार सापडला. घरी येऊन शामरावांनी ते सासूबाईंना असं सांगितलं होतं, जणू गावाकडचा कोणी भाऊच भेटला.

तिने पवनला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर टायगर गेला असता, आणि टायगर गेल्यावर शामराव घराबाहेर पडायला काय निमित्त काढणार होते? पण रात्री ऋचाच्या अंगावर पांघरूण घालताना तिला तो स्पंज आठवायचा. टायगर ज्या उंबऱ्याला अंग घासून बसायचा, त्याच उंबऱ्यावर बसून ऋचा बूट घालायची. आपण कोणाची बाजू घेतोय, आणि कोणाच्या जिवावर, हे तिला कळत नव्हतं. ती सकाळी फिनेलने उंबरा पुसायची, संध्याकाळी पुन्हा पुसायची.

रविवारी ऋचाला शेजाऱ्यांकडे ठेवून ते तिघं वैशाली नगरातल्या जनावरांच्या डॉक्टरकडे गेले. रिक्षात टायगर शामरावांच्या पायाशी होता आणि सुवर्णा दुसऱ्या टोकाला, गुडघे आवळून.

डॉ. शेखावत या साधारण पन्नाशीच्या बाई होत्या. त्यांनी टायगरचं वजन केलं, हिरड्या पाहिल्या, पोट दाबून पाहिलं.

"बढ़िया है," त्या म्हणाल्या. "तंदुरुस्त कुत्ता है."

"मतलब कीड़े नहीं हैं?" पवनने विचारलं.

"यह मैं कैसे कह दूँ?"

मग त्यांनी सावकाश समजावलं. हा कृमी तांदळाच्या कणीपेक्षाही लहान असतो. बाहेरून दिसत नाही, कुत्रा त्याने वाळत नाही की खंगत नाही, म्हणून तर तो धोक्याचा. बकऱ्याच्या काळजात, फोपशात पाण्याच्या पिशव्या असतात. कुत्र्याने ते कच्चं खाल्लं की त्याच्या पोटात कृमी वाढतात आणि साधारण सहासात आठवड्यांत अंडी टाकू लागतात. तीच पुढे विष्ठेतून, अंगावरच्या केसांतून माणसापर्यंत येतात.

"और एक बात," त्या सुवर्णाकडे बघत म्हणाल्या. "यह कुत्ता दो साल का है. आपकी गाँठ शायद इससे पुरानी होगी."

पवनने हे ऐकलं आणि तोंड फिरवलं. सुवर्णाच्या डोळ्यांपुढे वाशिमकडचं तिचं माहेर आलं. लग्नात मागच्या परसात बकरं कापलं जायचं, गावची कुत्री कुंपणाशी जमायची, आणि ती नि बाकीची पोरं त्यांच्यातच खेळायची. कुठलं कुत्रं, कुठलं वर्ष, कोण सांगणार. पण त्याने आज काही बदलत नव्हतं. आज ऋचा होती.

"गोळी दिली की मग नाही ना होणार?" पवनने आधी मराठीत विचारलं आणि मग हिंदीत.

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. गोळी आज पोटात आहे तेवढं मारते, म्हणाल्या. उद्याचं अडवत नाही. उद्या पुन्हा कच्चं खाल्लं की पुन्हा सुरू. म्हणून किती दिवसांनी द्यायची, हे कुत्रा कसा राहतो त्यावर ठरतं. बांधलेला असेल, घरचंच खात असेल, तर दर तीन महिन्यांनी पुरे. कच्चं मिळत असेल, तर दर सहा आठवड्यांनी, म्हणजे कृमी अंडी टाकायच्या आतच मरतात. आणि मिळत असलेलं बंद करायचं, ते वेगळंच. द्यायचंच असेल तर चांगलं अर्धापाऊण तास उकळून.

"तो बताइए, कैसे रहता है?"

पवनने वडिलांकडे पाहिलं. सुवर्णानेही पाहिलं.

शामराव टायगरच्या गळ्यातला पट्टा नीट करत होते. तो नीटच होता.

"घर का खाता है जी," ते म्हणाले. "दूध-रोटी."

"बाहर का कुछ? कच्चा?"

"नहीं जी."

पट्टा फिरवून त्यांनी बक्कल पुन्हा होतं तिथेच आणलं. मान वर केली नाही. डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं आणि कागद पुढे ओढला.

आपल्याला राग येईल असं सुवर्णाला वाटलं होतं. रिक्षात बसल्यापासून ती त्याचीच वाट बघत होती. राग आला, पण त्याच्या आधी दुसरंच काहीतरी आलं. पस्तीस वर्षं रेल्वेच्या छोट्या लाईनवर ताठ मानेने नोकरी करून आलेला माणूस मुलासमोर कुत्र्याचा पट्टा चाचपत होता.

"मॅडम, छह हफ़्तेवाला लिखिए," ती म्हणाली.

"कशाला?" पवन म्हणाला. "बाबा सांगतायत ना."

"ताट सरकवताना दांड्यानं साखळी निघते माझ्याकडून कधीकधी. दुपारी. दोनदा बाहेर गेला होता तो. काय खाल्लं, काय माहीत."

पवन तिच्याकडे वळला.

"आणि तू मला आत्ता सांगतेस?"

"हो."

"पोट कोणाचं फाडलंय, सुवर्णा? माझं की तुझं?"

चौमूंचं नाव त्याच्या ओठांवर आलेलं तिला दिसलं. ते त्याने गिळलं. बायकोच्या चुकीसाठी बापाचा कुत्रा नेऊन सोडायचा, हे त्याला जमलं नाही.

डॉक्टरांनी आधी सुवर्णाकडे पाहिलं, मग शामरावांकडे. कागदावर सहा आठवडे लिहून त्यांनी खाली रेघ ओढली.

"किसी एक के ज़िम्मे रखिए," त्या म्हणाल्या. "सब देंगे बोलेंगे तो कोई नहीं देगा."

पवन अर्धे दिवस गाडीवर असायचा. तो बोलायला लागला तेवढ्यात सुवर्णा म्हणाली,

"बाबा देतील."

शामरावांनी तेव्हा मान वर केली. डोळे तिच्यावर क्षणभर थांबले आणि खाली गेले. डॉक्टरांनी गोळी त्यांच्या हातावर ठेवली. ती जिभेच्या मुळाशी कशी सारायची, तोंड मिटून गळा कसा चोळायचा, ते दाखवलं. शामरावांनी तसंच केलं. टायगरने मुकाट्याने गोळी गिळली आणि त्यांचा तळवा चाटला. सुवर्णाने भिंतीलगतच्या बेसिनकडे बोट केलं. ते उठले आणि खूप वेळ हात धुत राहिले.

घरी आल्यावर पवनने दोन घास खाल्ले आणि ड्युटीचा डबा घेऊन निघून गेला. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे शामरावांनी अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा खणला. पुढचे दोनतीन दिवस टायगरची विष्ठा त्यात पुरायची होती. जेवण झाल्यावर त्यांनी आपलं ताट स्वतः घासून ठेवलं. सुवर्णा वाट बघत होती, ते काही म्हणतील. ते म्हणाले नाहीत. ती अंथरुणावर पडली तेव्हा तिला पहिल्यांदा भीती वाटली, की आपण केलं ते चूक तर नाही. खोटं पचलं की माणूस सोकावतो. आणि आता पवनला सांगायची वाटही तिने आपल्याच हाताने बंद केली होती.

सकाळी ऋचा शाळेत गेली. नेहमीच्या वेळी शामरावांनी मफलर गुंडाळला आणि काठी घेतली. टायगर उठून उभा राहिला, साखळी खणखणवू लागला. शामराव त्याच्यासमोर जरा वेळ थांबले. मग एकटेच फाटकाबाहेर गेले. टायगर रडवेला होऊन ओरडत राहिला. सुवर्णा जाळीमागे उभी राहून ते बघत होती. ते जब्बारकडेच गेले, एवढं तिला कळलं.

ऊन अंगणात उतरल्यावर ते परत आले. हातात काळी पिशवी होती. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले आणि उंबऱ्याबाहेरच थांबले.

"किती येळ उकळाव लागते मनत होती ते बाई?"

सुवर्णाने पिशवीकडे पाहिलं. तळाशी लालसर पाणी जमलं होतं. तिने गॅस बंद केला, माळ्यावरून पोचे आलेलं एक जुनं पातेलं काढलं आणि उंबऱ्यावर ठेवलं.

"अर्धापाऊण तास. हे पातेलं आता त्याचंच. घरात आणायचं नाही. स्टोव्ह बाहेर घ्या."

शामरावांनी अंगणात स्टोव्ह पेटवला. पातेल्यात पाणी ओतलं, पिशवी त्यात रिकामी केली, पिशवी खड्ड्यात टाकून वर माती लोटली. मग कोणी सांगायच्या आत नळाखाली हात धुतले, कोपरापर्यंत.

"जब्बार मने, टायगर कुठी हाय आज," ते पाठमोरेच बोलले. "म्या मनलं, तो घरीच राहीन आता. म्या एकटाच येत जाईन."

ओले हात झटकत ते तिच्याकडे वळले.

"तुले कधीपासून माईत होतं?"

सुवर्णा उंबरा ओलांडून बाहेर आली. इस्पितळातून आल्यापासून तिने टायगरच्या बाजूला पाय ठेवला नव्हता. टायगर एकदम बसला, कान मागे टाकून. तिने त्याच्यापासून अंतर राखून पातेल्यात वाकून पाहिलं.

"फोपसं बुडत नाही बाबा," ती म्हणाली. "तरंगते ते. वर वजन ठेवा काहीतरी, नाही तर वरची बाजू कच्चीच राहते."

शामरावांनी इकडेतिकडे पाहिलं. नळाजवळचा एक चपटा दगड धुऊन आणला आणि पाण्यात सोडला. फोपसं खाली गेलं, मग एका बाजूने हळूच वर आलं. त्यांनी काठीने दगड सरकवला. ते पुन्हा वर आलं.

सुवर्णा पायरीवर बसली. उकळी फुटली, वर मळकट फेस आला, वास अंगणभर झाला. शामराव स्टोव्हपाशी उभेच होते, काठी दगडावर टेकवून.

"झालं असन आता?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "अजून नाही."

ते मान हलवून तसेच उभे राहिले.