सत्त्याऐंशी लाल दिवे

त्यांना सगळे पक्के म्हणत. आडनाव नव्हे ते. दुरुस्तीच्या दुकानात कुणी काहीही आणून टाकलं, रेडिओ असो, मिक्सर असो, नाहीतर आजोबांचं कानातलं यंत्र असो, की हे एकच सांगायचे, "पक्कं करून देतो." आणि द्यायचे, त्यात खोट नाही. तीस वर्षांत एक वस्तू त्यांच्या टेबलावरून अर्धवट बाहेर गेली नव्हती. या गोष्टीचा गर्व मात्र असा, की चहाचा कपसुद्धा ते त्याचा कान पक्का आहे का तपासून उचलायचे. बायको म्हणायची, "चहा आहे तो, मोटर नव्हे. प्या गुपचूप."

बायको टायपिस्ट. एक्स-रे आणि स्कॅन काढतात त्या केंद्रात चोवीस वर्षं एकाच खुर्चीवर. त्या खोलीत भर दुपारी अंधार. खिडक्यांना काळं कापड, दाराला जाड पडदा आणि समोरच्या स्क्रीनवर कुणाच्या तरी फासळ्या. डॉक्टर फोटो बघत भराभरा तोंडानं सांगणार आणि ही शेजारी बसून टाईप करणार. टेबलावरचा साधा दिवासुद्धा डॉक्टरांना खपत नसे. काचेवर उजेड आला की हाडाची बारीक चीर नजरेतून सुटते, म्हणत. मधल्या काळात तिच्या जागी म्हणून दुसऱ्या तिघी येऊन गेल्या. अंधारात बटणं चाचपडता चाचपडता रडकुंडीला आल्या आणि आठवड्याच्या आत पळाल्या. मग डॉक्टरांनी बोललेलं आपोआप लिहिणारं कसलंसं मशीन आणलं, त्यानं एका म्हाताऱ्याच्या अहवालात गर्भाशय लिहून ठेवलं. मशीन कपाटात गेलं, बाई खुर्चीत राहिली.

"मी काही फार हुशार आहे म्हणून तिथे नाही," ती नवऱ्याला सांगायची. "अंधार आहे म्हणून आहे. उजेड होऊ दे, दुसऱ्या दिवशी दुसरी कुणीतरी बसेल." हे तिनं शंभरदा तरी सांगितलं असेल. पक्के हसायचे. बायकोच्या नोकरीतलं त्यांच्या डोक्यात एवढंच शिरलं होतं, की तिथे अंधार असतो.

एका रविवारी सकाळी डॉक्टर स्वतः दुकानात आले. काखेत कीबोर्ड. जुना, जड, बटण दाबलं की खाडकन वाजणारा. त्यांनी तो उलटा केला आणि तळाचे स्क्रू दाखवले.

"मी उघडून बघितलाय पक्के. प्रत्येक बटणाखाली दिव्यासाठी दोन दोन भोकं आहेत. कंपनीनं दिवेच बसवलेले नाहीत. तेवढे बसवून द्या. लाल. लाल उजेडाचा माझ्या डोळ्यांना त्रास होत नाही."

"नवीन का नाही घेत साहेब? दिवेवाले मिळतात की."

"आवाज. याचा आवाज आला की मला कळतं, मी बोलतोय ते उतरतंय. नव्यांचा आवाजच येत नाही." डॉक्टरांनी एक पिशवी पुढे केली. आत दिवे होते, आणि बटणांच्या नव्या टोप्या, अक्षरांतून उजेड आरपार येईल अशा. "आणि बाईंना आत्ताच काही बोलू नका. चोवीस वर्षं झाली त्यांना, म्हटलं खोलीत जरा नवं काहीतरी होऊ दे."

"पक्कं करून देतो," पक्के म्हणाले. बोलून झालं आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की हा बायकोचाच कीबोर्ड. हरखले उलट. म्हटलं, बायकोला भेट आणि तीही आपल्या हातची!

दुकानाच्या मागेच घर. अकरा वाजता ती चहा घेऊन आली आणि कप हातात तसाच ठेवून उभी राहिली. सर्वांत खालच्या लांब बटणावर उजव्या बाजूला एक गुळगुळीत, चकचकीत ठिपका होता. चोवीस वर्षं तिचा अंगठा तिथे पडत होता.

"हा माझा आहे," ती म्हणाली. "इथे कसा आला?"

त्यांनी सांगून टाकलं. पोटात काही राहतंय थोडंच! ती खाली बसली.

"भेट? मला? अहो, मी त्या कीबोर्डकडे कधी खाली वाकून बघितलंय का? मला दिवे कशाला?"

"मग कुणाला?"

"त्यांची मेहुणी. महिनाभर माझ्या शेजारी स्टूल टाकून बसलीय, शिकायला म्हणून. स्वभावाला चांगली आहे बिचारी, पण एकेक अक्षर शोधून मारते. मोबाइल पेटवून बटणं बघते, की डॉक्टर खेकसतात. आता दिवे लागले, की झालं तिचं काम. आणि माझंही झालं."

तिनं मग कप खाली ठेवला आणि जवळ सरकली. असं काही मागायची तिला सवय नव्हती, ते तिच्या आवाजात कळत होतं.

"तुम्हीच सांगता ना, या दिव्याला एक पाय लांब असतो, एक आखूड. उलटे पाय घातले तर तो लागत नाही."

"लागत नाही. जळतही नाही. मुका राहतो."

"मग घाला ना उलटे. टायपिंगला काही होणार नाही. सांगा, दिवे बसवले, पण आतली पाटी जुनी, वीज पोचत नाही. कोण बघायला येतंय?"

"अगं, गिऱ्हाईकाचं काम आहे ते!"

"आणि मी कोण आहे?"

बाहेर एक गिऱ्हाईक पंखा घेऊन आलं होतं, आत बायकोचे डोळे भरले होते. पक्के म्हणाले, "बरं बरं. घालतो उलटे. डोळे पूस आधी."

"नक्की?"

"पक्कं," ते म्हणाले.

आणि खरं सांगायचं तर सुरुवात त्यांनी इमानानं केली. जुन्या टोप्या काढून डब्यात टाकल्या, बटणांखालचा चोवीस वर्षांचा केर ब्रशनं झाडला, आतली सर्किटची पाटी बाहेर काढली. मग वरची पूर्ण रांग उलटी बसवली. लांब पाय आखूड पायाच्या भोकात, आखूड पाय लांब पायाच्या भोकात, एकेकाला सोल्डरचा डाग दिला, उरलेले पाय कापले. दुपारी वायर जोडून बघितली. अंधार. जसा हवा तसाच अंधार, आणि तरी त्यांनी वायर काढून परत एकदा जोडून बघितली. त्यांच्या टेबलावर, त्यांच्या हातचं, डाग चांगले गोल गुळगुळीत बसलेले, आणि वस्तू मेलेली! त्यांना बसवेना. उठले, पाणी प्यायले, परत बसले. म्हणाले, एकच सुलटा करून बघतो, पाटी धड आहे की नाही एवढं तरी कळू दे.

तो एक लागला. लाल, बारीक, नीटस. मग त्याच्या शेजारचा. मेल्या हातांना कुणी आवरायचं! सहा वाजेपर्यंत सत्त्याऐंशीच्या सत्त्याऐंशी सुलटे बसले होते, नव्या टोप्या चढल्या होत्या, आणि दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून पक्के अंधारात आपलं काम बघत बसले होते. एकही दिवा मंद नाही, एकही वाकडा नाही. इतकं सुंदर काम त्यांच्या हातून कैक वर्षांत झालं नव्हतं. बायकोला काय सांगायचं, हे त्यांनी उद्यावर ढकललं.

जेवताना तिनं विचारलं, "झालं तसं?"

"झालं," ते म्हणाले आणि ताटात बघत राहिले.

तिनं निश्चिंत होऊन त्यांना आणखी वाढलं.

सोमवारी ती आठला गेली. पक्के दहाला कीबोर्ड घेऊन पोचले. कुणाच्या तरी हाती पाठवता आला असता. पण डॉक्टरांचा चेहरा बघायचा होता ना! पडदा सारून आत गेले. डॉक्टर, स्टुलावर मेहुणी आणि खुर्चीत ती. नवऱ्याला बघून ती चक्क हसली. तिला वाटलं, आपल्या बाजूनं उभं राहायला आलाय.

"डॉक्टर, उगाच यांना त्रास दिलात," ती म्हणाली, अगदी मोकळेपणानं. "हा फार जुना आहे. दिवे बसले असतील, पण लागायचे नाहीत. हो ना हो?"

पक्क्यांनी कीबोर्ड पुढे सरकवला. डॉक्टरांनी वायर जोडली.

सगळा कीबोर्ड लाल झाला. प्रत्येक अक्षर लख्ख. तिच्या बोटांवर, हनुवटीवर, चष्म्यावर तो उजेड आला, आणि चोवीस वर्षांत पहिल्यांदा तिनं खाली बटणांकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. नंतर नवऱ्याकडे.

"अय्या, सगळं दिसतंय की!" मेहुणी टाळी वाजवून म्हणाली. "थँक्यू हं काका."

"वा पक्के! म्हणून लोक तुमचं नाव घेतात," डॉक्टर म्हणाले. "बाई, तुम्ही तर घाबरवूनच टाकलं होतं. नवऱ्यावर भरवसा नाही वाटतं?"

ती हसली. काय करणार, चारचौघांत हसावंच लागतं. पक्क्यांनाही हसावं लागलं.

महिना संपायच्या आत तिची खुर्ची गेली. निरोपाला फुलं दिली, फोटो काढला, मेहुणी गळ्यात पडून रडलीसुद्धा. घरी येऊन तिनं फुलं ओट्यावर आपटली.

"नाही म्हणायचं होतंत ना तोंडावर," ती म्हणाली. "भांडले असते मी. काहीतरी दुसरं केलं असतं, डॉक्टरांशी आधीच बोलले असते. तुम्ही हो म्हणालात! मी गाढवासारखी विश्वासानं त्यांच्यासमोर बोलले."

"हात वळला नाही गं," पक्के म्हणाले. "खोटं काम जमत नाही मला."

"खोटं बोलणं जमलं."

एवढंच. परत तो विषय तिनं काढला नाही. घरात बसून करमेना म्हणून दुकानात येऊन बसायला लागली. पावत्या लिहायची, वस्तू द्यायच्या आधी तपासायची. गिऱ्हाइकांशी गोड, नवऱ्याशी कामापुरतं. चहा आणायची, पण कपाचा कान तपासणाऱ्या नवऱ्याला चिडवणं बंद झालं होतं. पक्क्यांना तेच जास्त झोंबायचं.

चार महिन्यांनी दुसऱ्या एका केंद्राचे डॉक्टर आले. आधीच्या डॉक्टरांकडचा लाल दिव्यांचा कीबोर्ड त्यांनी बघितला होता. यांचाही अगदी तस्साच, हेही अंधाऱ्या खोलीतलेच, यांनाही दिवे हवे होते. बोलता बोलता म्हणाले, "आमच्या बाई जुन्या आहेत, त्यांना नाही लागत दिवे. पण पुढची सोय आत्ताच केलेली बरी." पक्क्यांनी बायकोकडे बघितलं. ती पावती लिहीत होती.

या वेळी पक्क्यांनी तीन दिवस घेतले. पाणी प्यायला उठले नाहीत, एक तरी बघू म्हणाले नाहीत. ओठ घट्ट मिटून शेवटचा डाग दिला आणि कीबोर्ड तपासायला बायकोपुढे ठेवला. काहीतरी फेडल्यासारखं वाटत होतं त्यांना. वाटत होतं, आता ती बघेल, काहीतरी बोलेल.

तिनं दुकानातल्या कॉम्प्युटरला वायर जोडली. समोर बघत एक अख्खी ओळ टाईप केली. सगळी अक्षरं बरोबर उमटली. मग मान खाली घातली. एकही दिवा लागला नव्हता.

नवऱ्याच्या हातचा दिवा चुकून लागत नाही, असं होत नाही, हे तिला सांगावं लागलं नाही. पक्के हात पुसत उभे होते.

"कोण आहे हो ती बाई?" तिनं विचारलं. "ओळखता?"

"नाही. बघितलेलीही नाही."

"तिच्यासाठी वळला हात."

"सुलटे करतो," ते म्हणाले. "आत्ता करतो, तू म्हणशील तर."

"नको. राहू दे तिची खुर्ची."

तिनं पावतीपुस्तक ओढलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: दिवे बसवले, पाटी जुनी, वीज पोचत नाही. पुस्तक त्यांच्याकडे फिरवलं, वर पेन ठेवलं.

"सही करा," ती म्हणाली. "तेव्हाही एवढंच होतं हो."