नमुना घेणाऱ्याचं नाव

आमच्या घरात जीपचा विषय निघाला की दोन पक्ष पडायचे. एका पक्षात मी आणि पराग, दुसऱ्या पक्षात गुलाबराव एकटे. आमचं हे हिंदी मुलखातलं राज्य नवं झालं त्या साली त्यांनी ही डिझेल जीप घेतली, तीही जुनीच, आणि तेव्हापासून पुरानी बस्तीतलं आमचं निम्मं अंगण तिच्या मालकीचं झालं. माझी तुळस कोपऱ्यात, माझे पापड गच्चीवर उन्हात आणि बाईसाहेब मधोमध पत्र्याच्या सावलीत. सवत परवडली, ती निदान पोळ्या तरी लाटेल, असं मी शेजारच्या वनमालाला नेहमी म्हणायची.

गुलाबराव म्हणजे आमचे यजमान. रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये बत्तीस वर्षं त्यांचं एकच काम, इंजिनांतल्या तेलाचे नमुने काढायचे आणि प्रयोगशाळेत द्यायचे. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. त्या दोन वर्षांत त्यांनी एकच पेपर दिवसातून तीनदा वाचायची आणि मी भेंडी चिरताना उभं राहून सल्ले द्यायची सवय लावून घेतली होती. पराग आमचा मुलगा. नव्या राजधानीतल्या एका ऑफिसात जातो. मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीत देतो.

एका रविवारी पोहे खाताखाता परागने तोंड उघडलं.

"पापा, जीप धुआँ दे रही है. इंजन गया उसका. अभनपुर का एक कबाड़ी है, उठाके ले जाएगा."

"इंजिन गेलं हे तुले कोनं सांगतलं?"

"दिख रहा है ना."

"डोयानं नाई दिसत ते. तेल तपासा लागते," गुलाबराव म्हणाले आणि ताटावरून उठले. अर्धे पोहे तसेच. मी लग्नाला तेहतीस वर्षं झालेली बाई, मला कळलं की आता प्रकरण गंभीर आहे.

शेवटी बापलेकात ठरलं ते असं. तेल पुण्याच्या एका प्रयोगशाळेत पाठवायचं. इंजिन गेलं असा रिपोर्ट आला तर तो कबाडी, म्हणजे भंगारवाला, जीप नेईल आणि गुलाबराव एक शब्द बोलणार नाहीत. चांगला आला तर पराग पुन्हा विषय काढणार नाही. मी मनातल्या मनात जीपच्या जागेवर मोगरा लावूनसुद्धा टाकला.

आठवड्याने पुण्याहून खोकं आलं. त्यात पांढरी प्लॅस्टिकची बाटली, नळी, एक छोटा हातपंप आणि एक फॉर्म. ते बघून गुलाबराव जे पालटले ते मी काय सांगू! सकाळीच दाढी केली. शेडमधला निळा शर्ट ट्रंकेतून काढला, पोटावर बटण लागेना तरी घातला. जीप अभनपूरपर्यंत पळवून आणली, कारण तेल गरम असताना आणि नीट ढवळलेलं असतानाच नमुना घ्यायचा असतो. आल्याबरोबर बॉनेट उघडलं, तेलाची पातळी बघायची पट्टी काढून त्या जागी नळी सोडली आणि पंप ओढायला लागले.

"बाटलीच्या तोंडाशी बोलू नको वं," ते मला म्हणाले. "थुंकी उडते."

"मी काय थुंकून राहिली का?"

पण मी मागे सरून बघत राहिले. त्यांचा हात एवढासुद्धा हलत नव्हता. चहाचा कप धरताना हल्ली थरथरतो, तो हात. बाटली भरली, त्यांनी झाकण घट्ट लावलं आणि फॉर्मवर गोल अक्षरात लिहिलं, 'नमुना घेणाऱ्याचं नाव: गुलाबराव'. दोन वर्षांत मला माझा नवरा पहिल्यांदा दिसला. खरं सांगते, माझा मोगरा तिथेच वाळला. आता मला ती जीप हवी होती.

जेवून ते आडवे झाले. मला राहवेना, म्हणून बाटलीचं झाकण उघडून बघितलं. तेल काळं ठिक्कर! काजळ परवडलं. असलं तेल बघून पुण्याची माणसं काय म्हणतील? आमच्याकडे पाहुण्यांसमोर साधा चहाचा कप ठेवायचा तरी बशी पुसून ठेवतात, आणि हे आमच्या नावाने परगावी जाणार! जीप गेली म्हणून समजा, आणि जीपबरोबर तो निळा शर्टही.

मग मी जे केलं ते केलं. कोपऱ्यात नव्या तेलाचा डबा होता, पुढच्या वेळी बदलायला आणलेला. मी बाटली भांड्यांच्या साबणाने लख्ख घासली, उन्हात पालथी घातली आणि तिच्यात मधासारखं सोनेरी तेल भरलं. काळं तेल फेकवेना. आमचं लोखंडी फाटक वर्षानुवर्षं रडत होतं, त्याच्या बिजागऱ्यांना पोटभर पाजलं. बाटली खोक्यात घालून वर टेप लावून टाकला.

"पॅक बी करून टाकलं? शाबास," उठल्यावर गुलाबराव म्हणाले. मी मान खाली घालून चहा गाळला.

बूढापारा मोहल्ल्यातल्या कुरिअरच्या दुकानात आम्ही दोघं गेलो. तिथल्या माणसाने खोकं हलवून बघितलं.

"तेल नहीं जाएगा अंकल. अचार होता तो बात अलग थी."

गुलाबरावांनी प्रयोगशाळेचं पत्र दाखवलं. "जाँच का है भैया. जैसे खून की जाँच, वैसे गाड़ी की."

"हव?" त्याने सहानुभूतीने विचारलं, "बहुत बीमार है क्या?"

"वो तो रिपोर्ट बताएगी," गुलाबराव म्हणाले. घरी परतल्यावर त्यांनी फाटक उघडलं आणि थबकले. "अरे, आज वाजलं नाई हे!" म्हणाले आणि खुशीत आत गेले. चोराच्या मनात चांदणं, माझा मात्र जीव अर्धा झाला.

बाराव्या दिवशी परागच्या फोनवर रिपोर्ट आला. तो ऑफिसातून येऊन बूटसुद्धा न काढता ओरडला, "पापा, सब हरा है! लोहा शून्य, ताँबा शून्य, कालिख शून्य. आप जीत गए. मैं कबाड़ी को मना कर देता हूँ."

मी देवापुढे साखर ठेवायला उठलेच होते. गुलाबरावांनी चष्मा लावला, फोन हातात घेतला आणि रिपोर्ट पार तळापर्यंत वाचला. तळाशी बारीक अक्षरात दोन ओळी होत्या. तेल वापरलेलं दिसत नाही. नमुन्यात पाण्याचा आणि साबणाचा अंश आहे.

ते उठून फाटकापाशी गेले, बिजागरीवरून बोट फिरवलं आणि ते काळं बोट घेऊन माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

आता ते गप्प बसले असते तर जीप त्यांचीच होती. परागला काही कळलेलं नव्हतं, त्याने कबाड्याला फोनही लावला होता.

"थांब बाबू," गुलाबराव म्हणाले. "हा रिपोर्ट खोटा आहे. इंजिन झिजते तसं लोखंड तेलात उतरते, ते शून्य तर नव्या इंजिनातबी नसते. दुसरा नमुना पाठवा लागन."

"पर पापा, आप जीत गए ना!"

"असं नाई जिंकत."

मग माझ्याच्याने राहवेना. "मी बदललं तेल," मी म्हणाले. "ते एवढं काळं होतं. मले वाटलं, तुमची जीप जाईन. तुम्ही पुन्हा तसेच पेपर घेऊन बसान." आणि मी परागसमोर, त्याच्या बुटांसमोर, चक्क रडायला लागले.

गुलाबराव ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "बत्तीस वर्षांत माह्या नावानं एकबी खोटा नमुना नाई गेला वं. सायबानं सांगतलं तवाबी नाई." मग त्यांनी ते काळं बोट माझ्यापुढे धरलं. म्हणाले, "अन् काळं म्हणजे खराब नाई. डिझेलच्या गाडीतलं तेल काळंच होते. ते इंजिनची काजळी आपल्या अंगावर घेते. तेच त्याचं काम आहे. काहून इचारलं नाई मले?"

तेहतीस वर्षांत त्यांना त्यांच्या कामाबद्दल मी एकही प्रश्न विचारला नव्हता. डबा भरला, शर्ट धुतला आणि संपलं. ह्याची मला त्या संध्याकाळी फार लाज वाटली.

दुसरं खोकं आलं. जीप पुन्हा अभनपूरला जाऊन आली, ह्या वेळी मीही शेजारी बसले आणि वाटेत विचारत गेले, ते सांगत गेले. अंगणात आल्यावर त्यांनी बॉनेट उघडलं आणि पंप माझ्या हातात दिला.

"ओढ. हळू. मी नाई लावणार हात."

मी श्वास रोखून ओढलं. काळं तेल नळीतून चढत बाटलीत पडलं. झाकण मी लावलं, खोकं मी बांधलं. फॉर्म मात्र त्यांनी भरला, माझ्याकडे पाठ करून.

नऊ दिवसांनी रिपोर्ट आला. ह्या वेळी परागने सगळा मोठ्याने वाचला. लोखंड आहे, पण वयाच्या मानाने ठीक. काजळी नेहमीसारखी. फक्त धूळ जास्त, तिच्यापुढे पिवळी खूण. हवेचा फिल्टर बदला. इंजिन चालू ठेवायला हरकत नाही.

"ठीक है पापा," पराग म्हणाला. "फिल्टर मैं ले आता हूँ." आणि खरंच आपल्या गाडीची किल्ली घेऊन निघाला. फाटक न वाजता उघडलं.

मी फोन हातात घेतला आणि वरून वाचायला लागले. पहिल्याच ओळीवर अडकले. नमुना घेणाऱ्याचं नाव: विनोदिनी. खाली, नमुन्याची स्थिती: योग्य.

"माहं नाव काहून लिवलं?" मी विचारलं. "मी एकदा खोटं केलं होतं ना."

"म्हणूनच लिवलं. तुह्या नावाचा नमुना तू खोटा नाई पाठवणार, हे मले माहीत होतं," ते म्हणाले आणि पेपर उघडला. थोड्या वेळाने पेपराआडून आवाज आला, "पण हात जरा हालला तुहा. पुढच्या खेपेला नीट धर."