पांढऱ्या फुलांचा वाल

आई गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाच्या जेवणात आम्ही तिचं बियाणं खाल्लं. दोष कुणाचाच नाही. स्वयंपाकाला आलेल्या बायकांना कोपऱ्यातलं मडकं दिसलं, त्यांनी राखेतले वाल धुतले आणि उसळ केली. उसळ चांगली झाली होती, हे आणखी वाईट.

आमच्या कुरुंदा गावात पांढऱ्या फुलांचा वाल फक्त आईच्या कुंपणावर होता. माझ्या बाबांना, जळबांना, त्या फुलांचं वेड. ती गेली, निदान तिचा वेल तरी दारात असावा, एवढंच त्यांना हवं होतं. आईनं मागे हट्टा गावच्या रुख्मिणीमावशीला बी दिलं होतं, म्हणून मी तिकडे धावले. मावशीचा वेल शेळ्यांनी फस्त केलेला. एक वाळकी शेंग तेवढी उरली होती. तीच आणून पेरली.

फुलं आली ती सगळी जांभळी.

"ही तिची न्हाईत," म्हणत बाबा वेल उपटायला निघाले. माझी मुलगी दीक्षा परभणीला शेतीचं शिकते. ती आडवी आली.

"आजोबा, रुख्मिणीआजीच्या कुंपणावर जांभळा वाल बी व्हता. भुंग्यानं त्याचे पराग पांढऱ्या फुलात नेले. पांढरा रंग मेला न्हाई, दबून बसला. याचंच बी ठेवा, पुढच्या साली पेरा. फार पूर्वी परदेशातल्या एका मठात वाटाण्यावर असंच करून पाहिलं व्हतं. आईबापाचं लेकरात कसं उतरतं, ते शास्त्र तिथूनच सुरू झालं."

"मठातल्या भंतेजींना वाटाण्याचं काय काम?" बाबा कुरकुरले. मग हळूच म्हणाले, "म्हंजी लेकरात दिसत न्हाई, ते नातवंडात दिसतंय?" आणि बराच वेळ दीक्षाच्या तोंडाकडे बघत राहिले. मला रडू आवरेना.

त्या साली त्यांनी वेलाची एकही शेंग कुणाला तोडू दिली नाही. भाजी शेजारून मागून आणा म्हणायचे. असला हट्टी माणूस!

यंदा ते बी पेरलं, तर कुंपण पुन्हा जांभळं व्हायला लागलं. बाबा चहा सोडून तिथंच उभे. एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. टोकाच्या वेलावर पांढरा तुरा होता. त्यांनी हात लावला नाही.

"आलीस व्हय, जनका," आईचं नाव घेऊन एवढंच म्हणाले आणि रुमालानं डोळे पुसले.

शेंगा वाळल्यावर त्यांनी स्वतः बी राखेत घोळलं आणि मडकं माझ्या हातात दिलं.

"माझ्या पुण्यानुमोदनाला हरभरे शिजव," ते म्हणाले. "याला कुणाचा हात लागू देऊ नको."