मर्लची आवडती धून

मर्लने चहात बिस्किट बुडवलं आणि तेवढ्यात रेडिओवरच्या नोलीनने तिला मारून टाकलं.

आपल्या जुन्या श्रोत्या मर्ल पास्को आता आपल्यात नाहीत, असं भरल्या गळ्याने सांगून नोलीनने मर्लची आवडती धून लावली. बिस्किट चहात विरघळलं.

मृत्युपत्रात रेडिओ केंद्रासाठी काही ठेवणारं माणूस गेलं, की सकाळी त्याचं नाव घ्यायचं आणि त्याने निवडून ठेवलेली धून वाजवायची, ही त्या खाणगावातली रीत. केंद्र चालवणारी सगळी बिनपगारी म्हातारी मंडळी. कुणीतरी जित्यांच्या यादीतलं नाव गेलेल्यांच्या यादीत घातलं असणार. मर्लला हसूच फुटलं.

नवरा कॉलिन गेल्यापासून त्या घरात बोलत होता तो रेडिओच. म्हणून तिने मृत्युपत्रात राहतं घर केंद्राच्या नावे केलं होतं. ते कळल्यावर पर्थ शहरात राहणारा लेक ग्रँट जो रुसला, तो नाताळलाही फिरकला नाही की त्याचा फोन आला नाही. पण काही झालं तरी पोटचा गोळा. आज वकिलाला गाठून घर परत त्याच्या नावे करायचं, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

मागच्या दाराने शेजारची बेव्हरली धापा टाकत आत आली. मर्लला बघून ती मटकन खुर्चीत बसली.

"अगं, मी ग्रँटला कळवून बसले! त्याला म्हटलं, तुझ्या घरी जाऊन बघते आणि सांगते."

मर्लचं हसू कुठल्या कुठे पळालं. पोराच्या काळजाचं पाणी झालं असेल बिचाऱ्याच्या. ती लगबगीने फोनकडे गेली, तोच फोन वाजला.

"बेव्हरली मावशी? पोचलात का?"

लेकाचा आवाज ऐकून तिला हुंदका आला. तिच्या तोंडून नुसता हुंकार निघाला.

"बरं झालं. आधी घराच्या चाव्या ताब्यात घ्या. त्या रेडिओवाल्यांना उंबऱ्याच्या आत घेऊ नका. मी वकिलाशी बोलतो."

आई कशी गेली, हे तो आता विचारेल म्हणून ती थांबली. फोनची तार तिने बोटाला गच्च गुंडाळली होती.

"ऐकताय ना? चाव्या कुणाला देऊ नका."

"त्या रेडिओवाल्यांनाच मिळतील, बाळा," मर्ल म्हणाली.

तिने फोन ठेवला आणि बेव्हरलीसाठी कप काढला.